‘फ्लेग्मॅटिक’ला मराठीत काय म्हणावे? शांत, थंड, निर्विकार, मख्ख आणि स्थितप्रज्ञ यांतला फरक

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी मजकुरात एका पात्राचे वर्णन ‘फ्लेग्मॅटिक’ एवढ्या एका विशेषणात उरकले आहे. कोश उघडला तर ‘कफप्रकृतीचा, मंद, थंड, शांत, निर्विकार’ अशी रांग लागते, कुणी ‘स्थितप्रज्ञ’ सुचवतो. यांतला कोणता शब्द घ्यावा, आणि हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. चालत नाहीत. ‘तो शांत आहे’ म्हटले की स्तुती होते, ‘तो थंड आहे’ म्हटले की तक्रार होते, ‘तो मख्ख आहे’ म्हटले की माणसाचा पाणउतारा होतो, आणि ‘स्थितप्रज्ञ’ म्हटले की त्याला थेट गीतेच्या दुसऱ्या अध्यायात नेऊन बसवले जाते. चारही वेळा माणूस तोच असू शकतो. बदलतो तो बोलणाऱ्याचा कौल. म्हणून शब्द शोधण्याआधी हा कौल शोधावा: लिहिणाऱ्याला या माणसाचे कौतुक आहे, नुसती नोंद करायची आहे, की त्याच्यापुढे हात टेकले आहेत?

आता अर्थ. फ्लेग्मॅटिक म्हणजे ज्याच्या भावना सहजी चाळवत नाहीत असा. यात दोन गोष्टी पक्क्या आहेत. एक, ही स्वभावाची गोष्ट आहे, प्रसंगाची नव्हे. संकटाच्या वेळी पाच मिनिटे डोके ठिकाणावर ठेवणारा माणूस एरवी चांगला तापट असू शकतो, त्याला हा शब्द लागू होत नाही. दुसरी गोष्ट, इथे भावना दाबलेली नसते, ती उठलेलीच नसते किंवा फार उशिरा उठते. राग आला, दात-ओठ खाल्ले आणि गिळला, तर तो संयम. संयमाला आतून जोर लावावा लागतो. फ्लेग्मॅटिक माणसाला असा जोर लावावाच लागत नाही, म्हणून ‘संयमी’ हा शब्द जवळचा वाटला तरी तो चुकतो. ‘डोक्यावर बर्फ ठेवणे’ हा वाक्प्रचारही याच कारणाने बाद होतो. बर्फ ठेवावा लागतो याचा अर्थच असा की खाली डोके तापलेले आहे.

तिसरी छटा मात्र सैल आहे, आणि घोळ तिथेच होतो. ती म्हणजे मंदपणा: हालचाल संथ, उत्तर उशिरा, उत्साह कमी. ही छटा कुठे असते, कुठे नसते. मजकूर मुळात इंग्रजी नसून दुसऱ्या युरोपीय भाषेतून आलेला असेल तर आणखी जपावे लागते. फ्रेंचमध्ये हे विशेषण बहुधा कौतुकाने येते; इंग्रज माणसाच्या न डगमगण्याला फ्रेंच लोक ‘ब्रिटिश फ्लेग्म’ म्हणतात. जर्मनमध्ये तोच शब्द सुस्त, जागचा न हलणारा या अर्थाकडे झुकतो. शब्दाचे रूप जवळपास एकच असले तरी फ्रेंचमधून येताना तो ‘थंड डोक्याचा’ होईल आणि जर्मनमधून येताना ‘सुस्त’.

ही दुहेरी चाल समजायची तर शब्दाचा जुना प्रवास पाहावा लागतो. ग्रीक ‘फ्लेग्मा’चा मूळ अर्थ ज्वाला, दाह. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ ‘जाळणे’. पुढे शरीरातल्या दाहातून निर्माण होणारा चिकट द्रव असा अर्थ झाला आणि हळूहळू उष्णता गळून पडून द्रव तेवढा उरला. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात माणसाच्या घडणीवरचा एक निबंध आहे. त्यात शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव मानले आहेत, आणि कफ सर्वांत थंड असून तो हिवाळ्यात वाढतो असे म्हटले आहे. पुरावाही साधा दिला आहे: रक्त, पित्त आणि कफ यांना हात लावून पाहा, कफच सर्वांत गार लागेल. म्हणजे जाळण्याच्या धातूतून निघालेला शब्द गारठ्याचे नाव होऊन बसला. देवनागरीत याची एक गंमतशीर खूणही दिसते. इंग्रजीत कफाला जे नाम आहे त्यातला ‘ग’ उच्चारत नाहीत, विशेषणात मात्र उच्चारतात. त्यामुळे नाम ‘फ्लेम’ आणि विशेषण ‘फ्लेग्मॅटिक’. ज्वालेसाठीचा इंग्रजी शब्दही आपण ‘फ्लेम’ असाच लिहितो, आणि दोघांचे दूरचे मूळ एकच आहे.

दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलनने चार द्रवांची ही मांडणी पुढे नेली आणि नंतरच्या शतकांत तिच्यातून चार स्वभाव पक्के झाले: रक्तप्रधान तो आनंदी, पिवळ्या पित्ताचा तो तापट, काळ्या पित्ताचा तो खिन्न आणि कफाचा तो थंड. मध्ययुगीन युरोपात इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यकपरंपरेतली आरोग्यविषयक पद्ये फार चालली. त्यांत कफाचा माणूस झोपाळू, आळशी, बुद्धीने बोथट आणि सारखा थुंकणारा रंगवला आहे. कौतुकाचा त्यात लवलेश नाही. कौतुक नंतर शिरले. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७९८च्या मानवशास्त्रावरील ग्रंथात हे दोन पदर स्पष्ट वेगळे केले. कफवृत्ती दुबळेपणा म्हणून आली तर ती निष्क्रियता, आणि बळ म्हणून आली तर पटकन न हलणे पण एकदा हलल्यावर टिकून राहणे. असा माणूस सावकाश तापतो, पण ऊब जास्त वेळ धरून ठेवतो, असे त्याचे म्हणणे. आज कोशात ‘शांत’ आणि ‘मंद’ हे दोन अर्थ शेजारी-शेजारी दिसतात ते याच दोन पदरांमुळे. भाषांतर करताना यांतला एक पदर निवडावाच लागतो, दोन्ही एका मराठी शब्दात मावत नाहीत.

मग ‘कफप्रकृतीचा’ का नको? कोशकाराने तो शब्द निष्काळजीपणाने दिलेला नाही. मूळ कल्पनेच्या तो सर्वांत जवळ आहे. तरी चालू गद्यात तो फसतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले साधे आहे. आजचा वाचक ‘कफप्रकृती’ वाचला की खोकला, सर्दी आणि वाफारा आठवतो, पात्राचा स्वभाव त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. दुसरे कारण खोल आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही: आयुर्वेदातला कफप्रकृतीचा माणूस युरोपातल्या कफाच्या माणसापेक्षा कितीतरी वरच्या पायरीवर बसलेला आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या ८व्या अध्यायात कफाचा एकेक गुण घेऊन त्यामुळे माणूस कसा घडतो ते सांगितले आहे. ‘मंद’ या गुणामुळे हालचाल, आहार आणि बोलणे मंद. ‘स्तिमित’ या गुणामुळे तो ‘अशीघ्रारम्भक्षोभविकार’ होतो. हा समास नीट सोडवून पाहावा: आरंभ, क्षोभ आणि विकार या तिन्ही गोष्टी ज्याच्या बाबतीत शीघ्र होत नाहीत तो. कामाला लगेच हात घालत नाही, लगेच खवळत नाही, त्याच्यात लगेच बिघाडही होत नाही. फ्लेग्मॅटिकची इतकी नेमकी व्याख्या आधुनिक कोशातही क्वचित सापडेल. पण चरक तिथे थांबत नाही. हे लोक बलवान, धनवान, विद्यावान, ओजस्वी, शांत आणि दीर्घायुषी असतात असा निष्कर्ष तो काढतो. सालेर्नोचा झोपाळू थुंक्या आणि चरकाचा ओजस्वी विद्यावान यांना एकाच शब्दाखाली झाकले तर वाचकाची दिशाभूल होते. नावातही हा फरक आहे. ग्रीक शब्द जाळण्यातून आला, तर ‘श्लेष्मा’ची व्युत्पत्ती सुश्रुताने ‘श्लिष्’ म्हणजे मिठी मारणे, चिकटणे या धातूपासून दिली आहे. एका परंपरेला कफ हा जळून उरलेला साका वाटला, दुसरीला तो शरीर सांधून ठेवणारा वाटला.

म्हणून नियम असा धरावा: मजकूर चार द्रवांच्या सिद्धांताविषयी, वैद्यकाच्या इतिहासाविषयी असेल तर ‘कफप्रधान’ किंवा ‘श्लेष्मल’ लिहावे आणि पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा करावा. माणसाचे साधे वर्णन असेल तर कफ तोंडातही आणू नये.

‘स्तिमित’ शब्द वर आला आहे त्यावर क्षणभर थांबतो, कारण शांतपणाचे शब्द मराठीत कसे घसरतात ते त्यात दिसते. संस्कृतात तो ओला, निश्चल, न हलणारा. मराठीत ‘हे पाहून मी स्तिमित झालो’ म्हणजे थक्क झालो. न हलणे तेवढे राहिले, पण त्याचे कारण उलटे झाले: पूर्वी भावना नाही म्हणून हलत नव्हता, आता भावना फार म्हणून हलत नाही. ‘तटस्थ’चेही तसेच झाले होते. जुन्या मराठीत ‘तटस्थ झाला’ म्हणजे आश्चर्याने खिळून उभा राहिला. आज त्याचा अर्थ काठावर उभा राहणारा, कुणाची बाजू न घेणारा. तेव्हा जुने गद्य उतरवून घेताना किंवा संपादताना ‘तटस्थ’ दिसला की लगेच ‘निःपक्षपाती’ असे समजू नये.

सर्वांत मोठी घसरण ‘उदास’ आणि ‘उदासीन’ यांची. ‘उदासीन’ म्हणजे वर, बाजूला बसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताच्या गुणांत शुची आणि दक्ष यांच्या शेजारी ‘उदासीन’ येतो. दक्ष आणि उदासीन एकाच माणसात एकाच ओळीत! आज ‘प्रशासन उदासीन आहे’ लिहिले की दक्षतेच्या नेमके विरुद्ध कळते. तुकोबांच्या ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ या ओळीत ‘उदास विचारें’ म्हणजे अनासक्तपणे, धनात जीव न अडकवता. नव्या वाचकाला ती वाचून माणूस तोंड पाडून पैसे खर्च करतो आहे असे वाटते. ग्रीकांच्या ‘अपाथेया’चेही, म्हणजे विकारांपासून मुक्त असण्याचेही, हेच झाले. स्टोइक तत्त्वज्ञांचा तो सद्गुण होता, आणि त्याच्यापासून आलेला आजचा युरोपीय शब्द बेफिकिरीला लावला जातो. न हलणाऱ्या मनाबद्दलचे कौतुक भाषा फार काळ टिकवत नाही असे दिसते. लोकांना शेजारी बसलेला माणूस थोडाफार हललेला हवा असतो, आणि शब्द त्या अपेक्षेप्रमाणे खाली घसरत जातो.

आता आजच्या शब्दांकडे.

‘शांत’ हा सर्वांत सुरक्षित आणि म्हणूनच सर्वांत पातळ. तो स्वभावालाही लागतो आणि प्रसंगालाही. ‘तो शांत आहे’ यावरून तो मुळात तसा आहे की आत्ताच भांडण थांबवून बसला आहे ते कळत नाही. स्वभाव सांगायचा असेल तर ‘स्वभावाने शांत’ किंवा ‘मुळातच शांत’ लिहावे. नामांतही चूक होते. स्वभावाचा गुण ‘शांतपणा’, जागेची किंवा वेळेची ‘शांतता’, आणि मनाला लाभते ती ‘शांती’. ‘त्याच्या शांततेने सगळे थक्क झाले’ या वाक्यात तो गप्प होता असा अर्थ निघतो. न डगमगणे अभिप्रेत असेल तर तिथे ‘शांतपणाने’ हवे.

‘थंड’ हा फ्लेग्मॅटिकच्या जातीचा खरा शब्द. तापमानातूनच आलेला आणि तसाच दुधारी. पण तो एकटा सोडू नये. ‘थंड डोक्याचा’ ही शाबासकी, ‘थंड माणूस’ ही नाराजी, ‘थंड प्रतिसाद’ हे अपयश. ‘थंड डोक्याने केलेला खून’ म्हटल्यावर तीच शाबासकी अंगावर काटा आणते, कारण डोके जिथे तापायला हवे होते तिथेही तापले नाही. काही भाषांतरांत दिसणारे ‘थंड रक्ताने’ हे इंग्रजीची सावली आहे. मराठीत रक्त सळसळते, उसळते, आटते. थंड असते ते डोके. आणखी एक सावधगिरी: स्त्रीला नुसते ‘थंड’ म्हटले तर त्याला शरीरसंबंधाकडे झुकणारा, अपमानकारक अर्थ चिकटतो. मूळ लेखकाला तो अभिप्रेत नसेल तर तिथे ‘थंड डोक्याची’, ‘शांत’ किंवा पुढे सांगितले आहे तसे क्रियापदाचे वाक्य घ्यावे.

‘निर्विकार’ची सर्वांत सुंदर व्याख्या कालिदासाने दिली आहे, फक्त ती ‘धीर’ या शब्दाच्या निमित्ताने. विकाराचे कारण समोर असतानाही ज्यांची मने विकार पावत नाहीत तेच धीर, असे कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात आहे. ‘कारण असतानाही’ हा भाग मोलाचा आहे. काही घडलेच नसेल तर निर्विकार राहण्यात अर्थ नाही. आजची मराठी मात्र हा शब्द मनापेक्षा चेहऱ्याला आणि आवाजाला लावते: निर्विकार चेहरा, निर्विकार स्वर, निर्विकारपणे. आत काय चालले आहे याबद्दल तो मौन बाळगतो. म्हणून चेहऱ्याच्या वर्णनाला तो उत्तम आणि स्वभावाच्या वर्णनाला अपुरा. ‘स्वभावाने निर्विकार’ हे व्याकरणात बसते पण कानाला खटकते, आणि अशा वेळी कानावर विश्वास ठेवावा.

‘धीर’ एकटा आज विशेषण म्हणून उरला नाही. ‘धीर धर’, ‘धीर सुटला’ असा तो नाम झाला. जोडशब्दांत मात्र तो जिवंत आहे. नाट्यशास्त्राच्या परंपरेत नायकाचे चार प्रकार आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत. मृच्छकटिकातला चारुदत्त हा धीरप्रशांताचा नमुना मानतात. लोक सरसकट ‘धीरोदात्त’ लिहितात, पण त्यात भव्यता आहे, राजाचे किंवा वीराचे माप आहे. खात्यातले वरिष्ठ कारकून शांतपणे फाइल वाचत होते तर ते धीरोदात्त होत नाहीत. ‘धीरगंभीर’ मुद्रा आणि आवाज यांना लागतो, स्वभावाला जपून.

‘स्थितप्रज्ञ’बद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते की तो इतक्या स्वस्तात वापरू नये. गीतेत अर्जुन विचारतो की स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, आणि दुसऱ्या अध्यायाच्या ५५व्या श्लोकापासून अखेरच्या ७२व्यापर्यंत त्याचे उत्तर चालते. ते सारे उत्तर साधनेचे आहे. कासव अवयव आत ओढून घेते तशी इंद्रिये आवरणारा, इच्छा सोडलेला, दुःखात न उद्विग्न होणारा. तिथे ओढून घेणे आहे, सोडणे आहे, म्हणजे करणे आहे. फ्लेग्मॅटिक माणसाने यातले काही केलेले नाही. तो तसाच जन्मला. झाडाला राग येत नाही म्हणून झाड स्थितप्रज्ञ होत नाही. वृत्तपत्रांत शेवटच्या षटकात न घाबरणाऱ्या फलंदाजाला हा शब्द सर्रास मिळतो. तो ‘थंड डोक्याचा’ आहे, आणि ते कौतुकही काही लहान नाही.

खालच्या अंगाचे शब्द मराठीत फार समृद्ध आहेत. ‘मख्ख’ म्हणजे समोर काही घडले, त्याची दखल चेहऱ्यावर उमटायला हवी होती, उमटली नाही. त्यात बोलणाऱ्याची चीड असते. ‘ढिम्म’ शरीराचा: हाक मारली, ढकलले, ओरडलो, ढिम्म हलला नाही. तो क्रियाविशेषणासारखा वागतो, म्हणून ‘ढिम्म माणूस’पेक्षा ‘ढिम्म बसून राहिला’ हे खरे मराठी. ‘मठ्ठ’ बुद्धीचा, भावनेशी त्याचा संबंध नाही. ‘मख्ख’ आणि ‘मठ्ठ’ यांची अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ‘घुमा’ माणूस बोलत नाही, पण त्याच्या आत काहीतरी साचते आहे असा संशय त्या शब्दात आहे, म्हणजे फ्लेग्मॅटिकच्या अगदी उलट. ‘कोडगा’, ‘निगरगट्ट’, ‘निर्ढावलेला’ हे तिघे लाजेशी जोडलेले आहेत. पुष्कळ बोलणी खाऊन आता काही वाटेनासे झालेला तो निर्ढावलेला. त्यामागे इतिहास आहे, उपजत स्वभाव नाही. ‘सुन्न’ आणि ‘बधिर’ या आघातानंतरच्या अवस्था आहेत, त्या सरतात.

वाक्प्रचारांत ‘कशाचं सोयरसुतक नाही’ हा पाहण्यासारखा आहे. सोयर जन्माचे, सुतक मृत्यूचे. दोन्ही ज्याला लागत नाही तो, म्हणजे सुखदुःख ज्याला शिवत नाही तो. शब्दशः पाहिले तर गीतेतल्या वर्णनाच्या अगदी शेजारचा. वापरात मात्र तो पूर्ण दोषारोप आहे: याला कुणाशी काही घेणेदेणे नाही. ‘ना खंत ना खेद’ त्याहून पुढचा, कारण तिथे त्या माणसाने काही चुकीचे केलेले आहे हे गृहीत असते.

इतके शब्द असूनही फ्लेग्मॅटिकसाठी एक ठरीव मराठी विशेषण का सापडत नाही? कारण मराठी माणसाचा स्वभाव सांगताना विशेषणापेक्षा क्रियापदावर जास्त भर देते. ‘तो तापट आहे’पेक्षा ‘तो लगेच भडकतो’ हे तोंडात आधी येते. तेव्हा उत्तम भाषांतर पुष्कळदा नकारार्थी क्रियापदात मिळते, आणि कोणते क्रियापद नाकारायचे त्यावर सारा कौल ठरतो. भडकत नाही, चिडत नाही, गडबडत नाही, गांगरत नाही, डगमगत नाही: ही स्तुती. हुरळत नाही, हरखत नाही: ही तटस्थ नोंद, थोडी कौतुकाकडे झुकलेली. हेलावत नाही, द्रवत नाही, हळहळत नाही: हा दोष, कारण दुसऱ्याच्या दुःखाने हलणे आपण माणसाकडून अपेक्षितो. एकाच माणसाबद्दल ‘सहसा भडकत नाही’ आणि ‘कशाने द्रवत नाही’ ही दोन वाक्ये खरी असू शकतात. लेखकाने फ्लेग्मॅटिक म्हणताना यांतले कोणते मनात धरले होते ते पुढच्या-मागच्या दहा ओळींत बहुतेक सापडते.

एक वाक्य हातात घेऊन पाहू. पात्र फ्लेग्मॅटिक आहे. गोदामाला आग लागल्याचा निरोप येतो. तो हातातले पत्र शेवटपर्यंत वाचतो, घडी घालतो आणि मग उठतो.

‘तो स्थितप्रज्ञ होता. त्याने पत्र पुरे केले आणि उठला.’ इथे लेखकाच्या मनात नसलेली भक्ती शिरली.

‘तो निर्विकार होता.’ वाचक विचारतो, आत्ता की नेहमी?

‘तो मख्ख होता.’ उठला आहे ना शेवटी? मख्ख माणूस उठला नसता.

‘तो थंड प्रकृतीचा होता.’ हे चालते. ‘प्रकृती’मुळे जन्मजातपणा आला, ‘थंड’मुळे जुनी तापमानाची प्रतिमा राहिली, आणि कफ टळला. फक्त मागेपुढे आजारपणाचा संदर्भ असेल तर ‘प्रकृती’ तब्येतीकडे ओढेल. तिथे ‘थंड स्वभावाचा’ करावे.

‘सहजी गडबडून जाणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने पत्र शेवटपर्यंत वाचले, घडी घातली, मग उठला.’ लेखकाला कौतुक असेल तर हे सर्वांत चांगले.

‘आभाळ कोसळले तरी याची घडी मोडायची नाही.’ शेजारी उभ्या असलेल्या, जीव खालीवर झालेल्या पात्राच्या तोंडी हे शोभेल, निवेदकाच्या तोंडी नाही.

निवेदन आणि संवाद यांतला हा फरक नेहमी पाळावा. ‘निर्विकार’, ‘अविचल’, ‘अलिप्त’ हे लेखणीचे शब्द. बोलणारा माणूस ‘त्याचं काय, तो थंडच आहे’, ‘त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही’, ‘कशाचं म्हणून काही वाटत नाही त्याला’ असे म्हणतो. संवादात ‘तू फार निर्विकार आहेस’ लिहिले तर ते पात्र पुस्तक वाचून बोलते आहे असे वाटते.

मानसशास्त्रीय मजकुराचा प्रश्न वेगळा. तिथे फ्लेग्मॅटिक ही संज्ञा आहे, आणि संज्ञेला दर वाक्यात नवा पर्याय देता येत नाही. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्हने चार जुन्या स्वभावांची सांगड मज्जासंस्थेच्या गुणांशी घातली. त्यात फ्लेग्मॅटिक म्हणजे बलवान आणि संतुलित, पण चटकन दिशा न बदलणारी मज्जासंस्था. मानसशास्त्रज्ञ आयझेंकच्या मांडणीत अंतर्मुख आणि भावनिकदृष्ट्या स्थिर यांच्या चौकोनात तो बसतो. तिथले गुण पाहिले तर शांत, विचारी, सावध, विश्वासार्ह, समतोल असे आहेत, एक ‘निष्क्रिय’ सोडला तर जवळपास सगळे भले. अशा मजकुरात ‘फ्लेग्मॅटिक’ देवनागरीत तसाच ठेवून पहिल्या वेळी ‘सावकाश आणि क्वचित क्षुब्ध होणारा’ असा खुलासा करावा. ‘मंद’ इथे अजिबात नको, कारण मराठीत तो बुद्धीला लागतो आणि शब्दाशब्दाने वाचणारा विद्यार्थी चुकीचे घेऊन जातो. ‘थंड’ही नको, त्याला निवाड्याची चव आहे.

आणि आजाराची भाषा स्वभावात मिसळू देऊ नये. मानसोपचाराच्या नोंदीत चेहऱ्यावर आणि आवाजात भाव न उमटणे हे लक्षण असते. त्याला ‘भाव बोथट होणे’, ‘भावशून्यता’ असे म्हणतात. नैराश्यात ‘काहीच वाटत नाही’ असे सांगणारा माणूस शांत नसतो, बहुतेक वेळा त्याला त्या न वाटण्याचाच त्रास होत असतो. त्याच्या बाबतीत ‘अलीकडे’ हा शब्द महत्त्वाचा ठरतो. स्वभाव लहानपणापासूनचा असतो, लक्षण कधीतरी सुरू झालेले असते. मूळ मजकुरात असा बदल सांगितला असेल, म्हणजे पूर्वी हसणारा-चिडणारा माणूस आता हलत नाही असे असेल, तर ‘थंड स्वभावाचा’ लिहिणे ही अर्थाचीच चूक होते. तिथे ‘अलीकडे त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं’ असे लिहावे. ‘वाटेनासं’ या रूपात पूर्वी वाटत होते हे आपोआप येते.

लिंगाची बाजूही पाहून घ्यावी. थंड, शांत, मख्ख, ढिम्म, निर्विकार, निगरगट्ट यांना लिंगवचनाचा विकार होत नाही. कोडगा-कोडगी-कोडगे, घुमा-घुमी-घुमे आणि निर्ढावलेला-निर्ढावलेली बदलतात. मूळ भाषेत पात्राचे लिंग उशिरा उघड होणार असेल तर पहिल्या गटातला शब्द घ्यावा, आणि क्रियापद ‘भडकत नसे’, ‘गडबडत नसे’ अशा रूपात ठेवावे. या रूपात स्त्री-पुरुष कळत नाही.